बिग पनला वगळून हा इतिहास पुरा होत नाही

लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या कलाकारांच्या, हिप-हॉपला व्यावसायिक यश रेगेटोन या स्पॅनिश भाषेतील नृत्यसंगीताच्या लाटेनंतरच मिळाले, या मताशी मी सहमत नाही, कारण त्यात क्रिस्तोफर रिओस ऊर्फ बिग पन या रॅपरची कामगिरी पूर्णपणे दुर्लक्षित राहते. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये १९७१ साली प्वेर्तो रिकन कुटुंबात जन्मलेल्या या कलाकाराला रॅपर फॅट जो याने पुढे आणले आणि १९९८ साली आलेला त्याचा 'कॅपिटल पनिशमेंट' हा एकल लॅटिनो रॅपरचा प्लॅटिनम (अमेरिकेत दहा लाख प्रतींचा टप्पा) ठरलेला पहिला अल्बम होता. पुढे त्याला ग्रॅमीचे नामांकनही मिळाले.

त्याचे खरे मोठेपण मात्र, माझ्या मते, शब्दांच्या बांधणीत आहे. त्याच अल्बममधील 'ट्विन्झ' या गाण्यात 'लिटल इटली' या वस्तीच्या नावातला नाद पकडून तो 'मिडल', 'रिडल्ड', 'डिडली' असे शब्द अंतर्गत यमकात इतक्या वेगाने गुंफत जातो, की ऐकणाऱ्याची दमछाक व्हावी. तरीही एकही अक्षर अस्पष्ट होत नाही. अतिस्थूलतेने ग्रासलेल्या माणसाचे श्वासावरचे हे नियंत्रण थक्क करणारे आहे. त्याच स्थूलपणाने अखेर त्याचा घात केला. ७ फेब्रुवारी २००० रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला आणि 'येऽ बेबी' हा दुसरा अल्बम त्याच्या पश्चात प्रकाशित झाला.