वस्तुचित्र, स्थिरचित्र की मृतनिसर्ग?

प्रश्न : फ्रेंच चित्रकार पॉल सेझानच्या सफरचंदांच्या चित्रांना मराठीत काय म्हणावं? एका अनुवादात 'मृतनिसर्ग' वाचलं आणि दचकायला झालं.

उत्तर : तो फ्रेंच 'नात्युर मोर्त'चा शब्दशः अनुवाद, मराठीत रुळलेला नाही. अशा चित्रांना डच शब्द आहे 'स्टिललेव्हन'; त्यातल्या 'लेव्हन'चा रोखही जीवनापेक्षा समोर ठेवलेल्या नमुन्याकडे आहे. न हलणारा नमुना, एवढंच. 'स्थिरचित्र' म्हणा. 'वस्तुचित्र' नको. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांत एलिमेंटरीचा विषय वस्तुचित्र, इंटरमिजिएटचा स्थिरचित्र, त्यामुळे वाचकाच्या डोळ्यांपुढे पेन्सिलीनं छायांकित केलेली बादली येते.

दुसरं मत : पण 'स्थिर' कोण? फळं की बघणारा? अकादमीच्या शिस्तीत दोन्ही. एका जागी बसायचं, डोळ्यांची पातळी ठरवायची. भांड्याचं तोंड त्या पातळीजवळ असेल तर लंबवर्तुळ चपटं, खाली जाईल तसं रुंद. सेझान हेच मोडतो. शिकागोच्या संग्रहातलं 'सफरचंदांची टोपली' (सुमारे 1893) पाहा : बाटली कललेली, आणि कापडाच्या डाव्या-उजव्या बाजूंना दिसणारी टेबलाची कड पट्टी लावून जोडली तर जुळत नाही. सांधा कापडाखाली लपवलाय! नक्कल करणारे नेमके इथे फसतात. सगळंच वाकडं काढतात, मग चित्र नुसतं चुकलेलं दिसतं.

उत्तर : मान्य, पण वस्तू तरी स्थिर होत्याच की. फळं हवी तशी कलावीत म्हणून तो खाली नाणी सरकवायचा, आणि काम इतकं सावकाश की फळं कुजायची.

आणखी एक शब्द : 'छायांकन' सेझानला लावू नका. तो 'मोदले' (उजेड-सावलीनं गोलाई देणं) ऐवजी 'मोद्युले' (रंग पायरीपायरीनं बदलत नेणं) म्हणावं असं सांगे. तपकिरी-काळ्यानं गोलाई आणण्याऐवजी पिवळा, नारिंगी, लाल, मग सावलीकडे थंड रंग, असे ठोकळेबाज फटकारे शेजारी शेजारी. 'मोद्युले'साठी मी 'रंगांतर' वापरतो. 'रंगछटा' फार गुळमुळीत.

प्रश्न : आणि सेझानला 'उत्तर-दृक्प्रत्ययवादी' (पोस्ट-इम्प्रेशनिस्ट) म्हटलं तर?

उत्तर : चालेल, पण हे नाव इंग्लिश कलासमीक्षक रॉजर फ्रायनं 1910च्या लंडनमधल्या प्रदर्शनासाठी दिलं. सेझान 1906मध्येच वारला होता. तेव्हा 'सेझाननं उत्तर-दृक्प्रत्ययवाद स्वीकारला' असं वाक्य लिहू नका.