बृहद्‌प्रमाण, समोच्चरेषांतर, विखुरलेली वस्ती : नेमकं काय म्हणायचं?

गिरणाकाठ

नववी-दहावीला भूगोल शिकवते. नकाशावाचन आणि मानवी वस्ती हे दोन भाग शिकवताना काही शब्दांपाशी मुलं दरवर्षी थबकतात, म्हणून इथे विचारते आहे.

पहिला शब्द बृहद्‌प्रमाण. वर्गाच्या भिंतीवर महाराष्ट्राचा मोठाच्या मोठा नकाशा आहे. मुलं म्हणतात, एवढं राज्य दिसतंय म्हणजे प्रमाण मोठं. पुस्तक त्याला लघुप्रमाण म्हणतं आणि एका गावाच्या नकाशाला बृहद्‌प्रमाण. व्याख्या पाठ होते, पण गळी उतरत नाही.

दुसरा समोच्चरेषांतर. समोच्चरेषा म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी नकाशावरची रेषा, पण यातलं 'अंतर' कागदावरचं की जमिनीवरचं?

तिसरं थोडं वेगळं. वस्तीचे प्रकार म्हणून केंद्रित, विखुरलेली आणि रेषीय हे तीनच शब्द येतात. आमच्याकडे गाव आहे, तांडा आहे, सातपुड्याकडे गेलं की पाडे आहेत. मुलांना हे सगळं माहीत असतं. पुस्तकातल्या शब्दांशी त्याचा सांधा कसा जोडायचा?

शंकूसाखळी

ताई, बरीच वर्षं जमीन मोजणीत काढली आहेत, म्हणून पहिल्या शब्दावर बोलतो.

प्रमाण हा अपूर्णांक आहे, एवढं फळ्यावर लिहिलं की निम्मं काम होतं. १:५०,००० म्हणजे एक भागिले पन्नास हजार. १:१०,००,००० म्हणजे एक भागिले दहा लाख. यातला मोठा कुठला? पहिला. म्हणून पहिला बृहद्‌प्रमाण. मुलं उजवीकडचा आकडा बघतात, तो मोठा दिसतो आणि उलटं उत्तर येतं.

मग एकच जागा दोन्हीकडे दाखवा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमवारीतलं ४७ एफ/१४ हे भूपत्रक (उंचसखलपणा, ओढे, रस्ते, वस्ती दाखवणारा सविस्तर नकाशा) घ्या, पुण्याच्या जुन्या पेठांचं. उत्तर-दक्षिण पंधरा मिनिटं अक्षांश म्हणजे सुमारे पावणेअठ्ठावीस किलोमीटर. १:५०,००० ला १ सेंमी म्हणजे ५०० मीटर, तेव्हा कागदावर हा भाग साधारण ५५ सेंमी उंच येतो. तोच भाग १:१०,००,००० च्या नकाशावर पावणेतीन सेंमीत संपतो. ओढा, विहीर, देऊळ, पायवाट यांना तिथे जागाच उरत नाही. प्रमाण मोठं म्हणजे जमिनीवरच्या वस्तूचं चित्र मोठं. मग आपोआपच कागदावर प्रदेश कमी मावतो.

जुनी भूपत्रकं एका मैलाला एक इंच अशी होती. मैलात ६३,३६० इंच, म्हणून १:६३,३६०. गावनकाशांवर '१ इंच = २० साखळ्या' असंही आढळतं. आमची शंकूसाखळी, म्हणजे जमीन मोजायची साखळी, ३३ फुटांची, सोळा आण्यांची म्हणजे सोळा भागांची. वीस साखळ्या म्हणजे ६६० फूट, म्हणजे ७,९२० इंच, म्हणून प्रमाण १:७,९२०. हा गुणाकार मुलांकडून करून घ्या. शब्दप्रमाणातून ('१ इंच = २० साखळ्या') अंकप्रमाण (१:७,९२०) कसं निघतं ते हाताला कळतं. आणि साखळी गुणिले साखळी, ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात एक गुंठा. गुंठा शेतकऱ्याच्या मुलाला घरूनच माहीत असतो.

वलाटी

मला वाटतं गोंधळाचं मूळ गणितात कमी आणि रोजच्या बोलण्यात जास्त आहे. 'मोठ्या प्रमाणावर पाऊस', 'मोठ्या प्रमाणात लागवड' हे आपण दिवसभर ऐकतो. तिथे प्रमाण म्हणजे परिमाण, राशी. नकाशात प्रमाण म्हणजे गुणोत्तर. शब्द एक, कामं दोन. म्हणून वर्गात 'मोठ्या प्रमाणाचा नकाशा' आणि 'मोठ्या प्रदेशाचा नकाशा' अशी जोडी मुद्दाम शेजारी शेजारी वापरावी. 'मोठा नकाशा' एवढंच कधी म्हणू नये. त्यातून कागदाचा आकार, प्रदेशाचा आकार, प्रमाण, काहीही निघू शकतं.

शंकूसाखळी

पटलं. त्यातच एक भर. नकाशाची झेरॉक्स मोठी करून काढली की छापलेलं अंकप्रमाण खोटं ठरतं. रेषाप्रमाण, म्हणजे नकाशावर काढलेली मोजपट्टी, मात्र नकाशासोबतच ताणलं जातं, म्हणून ते खरं राहतं. मोबाइलवर चिमटीने नकाशा मोठा केला की कोपऱ्यातल्या पट्टीवरचा आकडा बदलताना दिसतो, तेही रेषाप्रमाणच.

डोंगरसोंड

समोच्चरेषांतर माझ्या आवडीचा विषय, जरा सविस्तर लिहितो.

हे अंतर उंचीतलं. ना कागदावरचं, ना चालण्याचं. लगतच्या दोन रेषांच्या उंचीतला फरक. १:५०,००० च्या भूपत्रकांवर तो सहसा २० मीटर असतो आणि दर पाचवी रेषा ठळक असते, म्हणजे ठळक ते ठळक १०० मीटर. एका नकाशावर हा फरक ठरलेला असतो. बदलतं ते रेषांमधलं कागदावरचं अंतर आणि त्यावरून चढ कळतो. 'रेषा जवळ आल्या की तीव्र उतार' हे पाठ करण्याऐवजी हिशेब करावा. दोन रेषा १ मिलिमीटरवर असतील तर जमिनीवर ५० मीटर पुढे जाताना २० मीटर चढायचं आहे. धाप लागणार. त्याच रेषा १ सेंमीवर असतील तर ५०० मीटरमध्ये २० मीटर, गप्पा मारत जाता येईल.

गोंधळ टाळायचा तर मी तीन वेगळे शब्द वापरतो. समोच्चरेषांतर म्हणजे उंचीतला फरक, क्षैतिज अंतर म्हणजे नकाशावर मोजून प्रमाणाने काढलेलं सपाटीवरचं अंतर आणि चालीचं अंतर म्हणजे प्रत्यक्ष वाट. सह्याद्रीत दुसऱ्या आणि तिसऱ्यात फार फरक पडतो. नकाशावर दोन किलोमीटर दिसणाऱ्या वाटेला अर्धा दिवस जातो, कारण वाट वळसे घेत चढते.

आता भूरूपांचे शब्द. पुस्तकात सोंड, दरी, खिंड, कडा हे शब्द आहेत आणि ते डोंगरातलेच आहेत, यासाठी पुस्तककर्त्यांना मी मनापासून धन्यवाद देतो. सोंडेवर, म्हणजे डोंगरातून पुढे उतरत आलेल्या दांडावर, समोच्चरेषांची टोकं कमी उंचीकडे वळलेली असतात. नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद उभ्या घळीत, किंवा ओढ्याच्या घळीत ती जास्त उंचीकडे वळतात. दोन्हींचा आकार सारखाच दिसतो, म्हणून रेषेवरचा आकडा वाचल्याशिवाय नाव देऊ नये. ओढ्याची निळी रेष टोकांना छेदून जात असेल तर ती घळ, हे ताबडतोब कळतं. लिंगाण्याच्या परिसरातली बोराट्याची नाळ, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, ही नावं ऐकली तरी डोळ्यांपुढे उलट्या वळलेल्या रेषा येतात. कोकणकड्यापाशी रेषा इतक्या दाटतात की सुट्या मोजणं कठीण होतं. दोन शिखरांच्या बंद वर्तुळांमध्ये रेषा दोन्ही बाजूंनी आत दबलेल्या दिसल्या की खिंड.

गिरणाकाठ

एक मिलिमीटर आणि एक सेंटिमीटरचा हिशेब वर्गात करून घेणार. सोंड आणि नाळ यांची चित्रं शेजारी काढून आकडे मुलांनाच भरायला लावते. वस्तीबद्दल कुणी लिहील का?

वलाटी

माझ्या नावावरूनच सुरुवात करते. आमच्याकडे समुद्रालगतची सखल पट्टी ती खलाटी, सह्याद्रीच्या पायथ्याकडची उंचसखल ती वलाटी. 'वर' म्हणजे पूर्व, घाटाकडे. 'खाली' म्हणजे समुद्राकडे. नकाशात वरची बाजू उत्तर, हे कोकणातल्या मुलाला वेगळं सांगावं लागतं, कारण त्याची वर-खाली जमिनीच्या उंचीवरून ठरलेली असते. दिशा शिकवताना आधी मुलाची दिशा विचारावी आणि मग नकाशावरचा उत्तरबाण दाखवावा.

विखुरलेली वस्ती म्हणजे आमचं गाव. महसुली नोंदीत एक नाव, प्रत्यक्षात बारा वाड्या, मध्ये डोंगर, ओढे, सडे म्हणजे जांभ्याची उघडी पठारं. सपाट जमीन थोडी आणि तीही तुकड्यांत, म्हणून घरं जमिनीच्या मागे पांगली. पण एकेक वाडी आत पाहिली तर दाट असते आणि खाडीकाठची किंवा रस्त्याकडेची वाडी सरळ रेषीय असते. तेव्हा 'केंद्रित' किंवा 'विखुरलेली' म्हणताना आपण गाव बघतोय की वाडी, हे आधी सांगायला हवं. इथे वरचा प्रमाणाचा मुद्दा पुन्हा लागू होतो. १:५०,००० वर जी विखुरलेली दिसते, ती गावनकाशावर लहान लहान केंद्रित पुंजके होते.

पांढरी

जनगणनेचं काम केलं आहे, त्यामुळे 'गाव' या शब्दावर लिहिणं भाग आहे. बोलताना गाव म्हणजे घरं. जनगणनेत गाव म्हणजे महसुली गाव, मौजे. त्यात गावठाण आलं, शिवार आलं, वाड्यावस्त्याही आल्या. जुन्या बोलीत पांढरी म्हणजे वसलेली जागा आणि काळी म्हणजे कसलेली जमीन. मानवी भूगोलातला वस्ती आणि भूमीउपयोजन हा फरक या दोन शब्दांत आधीपासून आहे. वर्गात नक्की सांगा.

म्हणूनच जिथे एकही माणूस राहत नाही असंही 'गाव' नोंदीत असतं. त्याला बेचिराग म्हणतात. फारसी चिराग म्हणजे दिवा, बेचिराग म्हणजे दिवा नसलेलं. आपण उद्ध्वस्त या अर्थी वापरतो तो बेचिराख त्याचंच रूप. नोंदीतला शब्द मात्र फक्त निर्मनुष्य एवढंच सांगतो.

बुद्रुक आणि खुर्द हेही मूळचे फारसी, थोरला आणि धाकटा. त्यावरून आजची लोकसंख्या ठरवू नये. खुर्द पुढे वाढून बुद्रुकाच्या पुढे गेल्याची उदाहरणं सगळीकडे सापडतात.

आता घनता. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची घनता दर चौरस किलोमीटरला ३६५, गडचिरोलीची ७४. घनता ही सरासरी आहे. ७४ म्हणजे प्रत्येक चौरस किलोमीटरवर ७४ माणसं उभी आहेत असं नाही. मोठा भाग जंगल, वस्ती नदीखोऱ्यांत आणि रस्त्यांलगत. क्षेत्रघनी नकाशात, म्हणजे आकड्यानुसार प्रदेश छटांनी रंगवलेल्या नकाशात, सगळा जिल्हा एकाच छटेत रंगतो आणि सीमेवर छटा एकदम बदलते. माणसं अशी सीमा पाहून राहत नाहीत. तीच आकडेवारी टिंब पद्धतीने, म्हणजे ठरावीक संख्येमागे एक टिंब देऊन, काढली तर माणसं कुठे आहेत ते दिसतं, पण टिंबं योग्य जागी द्यायला जंगल, नद्या आणि रस्ते दाखवणारा नकाशा सोबत लागतो. समघनी पद्धत, म्हणजे सारख्या मूल्याच्या जागा रेषांनी जोडणं, तापमान, पर्जन्य यांसारख्या सलग बदलणाऱ्या गोष्टींना शोभते, लोकसंख्येला क्वचित.

वलाटी

घनतेसारखाच लिंग गुणोत्तराचा आकडाही नुसता वाचून चालत नाही. २०११ ला रत्नागिरीचं गुणोत्तर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आणि राज्याचं ९२९. परीक्षेत मुलं लिहितात, 'रत्नागिरीत स्त्रियांची स्थिती सर्वांत चांगली.' खरं कारण चाकरमानी. कामाच्या वयातले पुरुष मुंबईला, घर आणि शेती बायकांच्या अंगावर. स्थलांतर हा शब्द शिकवताना हा आकडा शेजारी मांडा.

आणखी एक सांगून ठेवते. भारतात हे गुणोत्तर दर हजार पुरुषांमागे स्त्रिया असं मोजतात, जगात बहुतेक ठिकाणी दर शंभर स्त्रियांमागे पुरुष. परदेशी तक्त्यात १०५ दिसलं तर तिथे पुरुष जास्त आहेत.

गिरणाकाठ

तांड्याबद्दल मीच भर घालते. आमच्या भागातले बंजारा तांडे मूळ गावापासून वेगळे, पण आत घरं लागून लागून. म्हणजे वलाटीताईंच्या हिशेबाने गावाच्या पातळीवर विखुरलेली, तांड्याच्या पातळीवर केंद्रित. सातपुड्यातल्या पाड्यांत मात्र दोन घरांच्या मध्ये शेत असतं. तिथे दोन्ही पातळ्यांवर विखुरलेली म्हणावी लागेल.

पुढच्या आठवड्यात मुलांना आपापल्या गावाची पांढरी आणि काळी वेगवेगळ्या रंगात काढायला सांगणार आहे. शंकूसाखळी दादा, त्यासाठी गावनकाशाची प्रत कुठे मागायची?

शंकूसाखळी

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा, फी भरून नक्कल मिळते. मागताना गावाचं नाव 'मौजे अमुक' असं पूर्ण लिहा आणि बुद्रुक-खुर्द चुकवू नका, नाहीतर शेजारच्या गावाचा नकाशा हातात पडेल.