एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह, पॅप नॉर्मल, मग कोल्पोस्कोपी कशाला?

सिडकोवाली: वय ३८, दोन मुलं. अंगावरून पांढरं जातं म्हणून गंगापूर रोडला एका मॅडमकडे गेले तर त्यांनी दोन्ही टेस्ट केल्या, पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) नॉर्मल पण एचपीव्ही १६ हा व्हायरस आलाय. आता कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुख बघायचं, सांगितलीये. नॉर्मल आहे तर मग कशाला? गर्भनिरोधक गोळ्या सात वर्षं घेतल्या, सिगरेट वगैरे काही नाही, मिश्री लावते, निफाडकडची सवय. हा व्हायरस संबंधातून येतो म्हणे, नवऱ्याकडे बघितलं की डोक्यात नको ते येतं.

जाऊबाई: पिशवीच काढून टाका, कटकट मिटते. आमच्यात दोघींनी काढलीये.

वॉर्डातली सिस्टर: जाऊबाई, कृपा करून असले सल्ले नका देऊ, नुसत्या व्हायरससाठी कोणी पिशवी काढतं का! ताई, पॅपमध्ये वरवरच्या पेशी येतात, कधी चुकतंही. एचपीव्ही बहुतेकींचा दोनेक वर्षांत आपोआप जातो, जो ठाण मांडून बसतो तो त्रास देतो, आणि त्यात १६ सगळ्यात चिवट. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के १६ आणि १८ मुळेच, म्हणून पॅप नॉर्मल असूनही आत बघतात. पाच वर्षांच्या वर गोळ्या घेतल्या की धोका थोडा वाढतो, बंद केल्यावर हळूहळू उतरतो. जास्त बाळंतपणं, धूम्रपान, एचआयव्ही किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, हेही बघतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच हो, याबाबतीतला पुरावा सिगरेटचा जास्त आहे, पण तोंडासाठी तरी सोडाच. नवऱ्याचं म्हणाल तर हा व्हायरस वर्षानुवर्षं गप्प राहतो, कधी कुठून आला ते सांगताच येत नाही, उगाच भांडू नका.

नाशिकरोडची: मला सीआयएन २, म्हणजे कॅन्सरच्या आधीचा पेशींमधला बदल, निघालं होतं. कोल्पोस्कोपीत व्हिनेगरसारखं पाणी लावतात, जरा चुरचुरलं, मिनिटभरात स्क्रीनवर नखाएवढा पांढरा चट्टा उठला, मीच बघत होते पडल्या पडल्या. तुकडा तपासला, मग बधिर करून तारेच्या लूपने तेवढाच भाग काढला, त्याच दिवशी घरी. काही दिवस काळपट जात होतं बस. वर्षाने एचपीव्ही निगेटिव्ह. कॅन्सर व्हायला सहसा १५-२० वर्षं लागतात म्हणे, म्हणजे तुम्ही वेळेत आहात.

सिडकोवाली: बरं वाटलं वाचून. बुधवारची वेळ मिळालीये पण पाळी तेव्हाच येईल बहुतेक, चालतं का?

वॉर्डातली सिस्टर: रक्तस्राव जास्त असेल तर नीट दिसत नाही, फोन करून पुढची तारीख घ्या. आदल्या दोन दिवसांत संबंध नको, आत गोळी-क्रीमही नको. आणि रिपोर्टची फाईल न्या, बायका घरीच विसरून येतात.