‘ड्रॉ’ : ओढणे की काढणे?

इंग्रजीतल्या ‘ड्रॉ’ या क्रियापदाला ‘काढणे’ हा एकच प्रतिशब्द पाठ करून भागत नाही, हे देवगडजवळच्या आमच्या गावात एका मुलाची वही तपासताना मला नव्याने जाणवले. होडी चार फूट पाणी ‘ड्रॉ’ करते, अशा वाक्याचे भाषांतर त्याने ‘होडी चार फूट पाणी काढते’ असे केले होते. मुलगा मच्छीमाराच्या घरातला. होडीतले पाणी काढायचे म्हणजे तळाशी साचलेले पाणी डब्याने उपसून बाहेर टाकायचे, हे त्याने रोज पाहिलेले. मूळ वाक्यात मात्र होडी तरंगायला किती खोल पाणी हवे, एवढेच सांगितले होते.

‘ड्रॉ’चा मूळ अर्थ ओढणे असाच आहे, आणि ‘ड्रॅग’ हा शब्द त्याच्याच कुळातला आहे. ‘पुल’मध्ये हिसका असू शकतो, ‘ड्रॉ’मध्ये बहुधा सावकाश, एकसारखा जोर असतो. किनाऱ्यावर रापण ओढताना माणसे दोन्ही बाजूंच्या दोरांवर रांगेने उभी राहतात आणि पावलापावलाने मागे सरकत जाळे वाळूवर आणतात. ही चाल नेमकी ‘ड्रॉ’ची आहे. टेबलाच्या खणाला ‘ड्रॉवर’ म्हणतात तेही तो ओढून उघडायचा म्हणूनच.

मराठीने हे काम अनेक क्रियापदांना वाटून दिले आहे. रेघ आणि पडदा आपण ओढतो, विहिरीचे पाणी शेंदतो, तलवार उपसतो. चित्र, रक्त आणि बँकेतले पैसे मात्र काढतो. मला वाटते, ‘ओढणे’ म्हणताना आपले लक्ष दोरावरच्या हातांकडे असते आणि ‘काढणे’ म्हणताना हाती काय आले त्याकडे. म्हणूनच रेघ ओढली जाते, पण त्याच रेघांचे चित्र झाले की ते काढले जाते.

याहून मोठा आनंद संस्कृतातून आलेल्या शब्दांत आहे. ‘कृष्’ या धातूचा एक अर्थ ओढणे असा आहे, आणि लक्ष वेधून घेणारे ‘आकर्षण’, विचारातून बाहेर ओढलेला ‘निष्कर्ष’ आणि बँकेच्या ड्राफ्टसाठी घडवलेला ‘धनाकर्ष’ हे तिन्ही शब्द त्याच धातूचे आहेत. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी ‘ड्रॉ’च किंवा त्याचेच भावंड येते, हे साम्य मुलांना दाखवायलाच हवे.

काही ठिकाणी मात्र ओढण्याचा मागमूसही उरत नाही. नारळी पौर्णिमा ‘ड्रॉज निअर’ म्हणजे जवळ येते, ‘ड्रॉ’ झालेला सामना अनिर्णित राहतो, आणि लॉटरीच्या ‘ड्रॉ’ला तर आपण ‘सोडत’ म्हणतो.

मुलाच्या वहीत मी ‘होडीला चार फूट पाणी लागते’ असे लिहिले. ते वाचून तो लगेच म्हणाला, ‘ओहोटीला खाडीत शिरताना बाबा हेच बघतात.’