सीताबर्डीवरील जुन्या मोटारीच्या छायाचित्राचा काळ कसा ठरवावा?

प्रश्न (महाल, नागपूर)

घरातील जुन्या कागदपत्रांत आमच्या पणजोबांचे एक छायाचित्र मिळाले आहे. टप दुमडलेल्या फोर्ड मोटारीत ते मागच्या बाजूस बसले आहेत, चालक उजवीकडे आहे, मागे सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडी दिसते आणि तिच्या पायथ्याशी टांगे व एक बंडी आहे. छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने 1910 असे लिहिले आहे. मात्र घरातील वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत की, डिसेंबर 1920 मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा पाहुण्यांना आणण्यासाठी ही मोटार स्टेशनावर गेली होती आणि छायाचित्र त्याच वेळचे आहे. मोटारीचा रेडिएटर काळा असून समोरची काच अगदी सरळ उभी आहे. कुटुंबाच्या इतिहासाची एक पुस्तिका आम्ही छापणार आहोत, तेव्हा छायाचित्राखाली कोणते साल द्यावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (धरमपेठ)

आपल्या वर्णनावरून ही फोर्डची मॉडेल टी दिसते. ही मोटार ऑक्टोबर 1908 मध्ये बाजारात आली आणि 1927 पर्यंत दीड कोटीहून अधिक संख्येने तयार झाली, त्यामुळे केवळ नावावरून काळ ठरत नाही. तो ठरतो बारीकसारीक भागांवरून. आरंभीच्या गाड्यांचा रेडिएटर पितळी असे. काळ्या रंगाचा रेडिएटर 1916 च्या उत्तरार्धात, म्हणजे 1917 च्या मॉडेलपासून आला. म्हणून रेडिएटर मुळातच काळा असेल, तर पेन्सिलीने लिहिलेले 1910 हे साल ग्राह्य धरता येत नाही.

दिवेही भिंगाखाली पाहावेत. 1915 च्या मॉडेलपूर्वी पुढचे मोठे दिवे कार्बाइडच्या गॅसवर जळत. डब्यातील कार्बाइडवर पाणी ठिबकवून अ‍ॅसिटिलीन तयार करीत आणि ते नळीने दिव्यापर्यंत नेत. पायरीवर असा डबा आणि त्यातून निघालेली नळी दिसत नसेल, तर दिवे विजेचे असण्याचा संभव अधिक आहे आणि तेही नंतरच्याच काळाकडे बोट दाखवते. चालक उजवीकडे असणे मात्र स्वाभाविक आहे, कारण ब्रिटिश साम्राज्यातील देशांना फोर्ड गाड्या बहुतांशी कॅनडातून येत आणि त्या उजव्या सुकाणूच्या असत.

प्रतिसाद (इतवारी)

वरील विवेचन मला मान्य आहे, पण त्याची एक मर्यादा ध्यानात घ्यावी. मोटारीवरून छायाचित्र कोणत्या सालाच्या आधीचे नाही एवढेच कळते. ते कोणत्या सालानंतरचे नाही, हे कळत नाही. सरळ काचेच्या जागी तिरपी काच 1923 पर्यंत रूढ झाली होती हे खरे, परंतु 1918 ची गाडी 1928 सालीही तितक्याच डौलाने बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीवर, फिरत असू शकते. अलीकडची सीमा रस्त्यावरूनच शोधावी लागेल.

स्टेशनाची सध्याची दगडी इमारत 1925 मध्ये सुरू झाली. ती आपल्या छायाचित्रात नाही, म्हणून ते 1925 पूर्वीचे, असे म्हणण्याचा मोह होईल; पण छायाचित्रकाराचे तोंड किल्ल्याकडे असेल तर स्टेशन त्याच्या पाठीशी पडते आणि इमारत न दिसण्याला काहीच अर्थ उरत नाही. त्यापेक्षा रस्त्याचा पृष्ठभाग पाहावा. त्या काळचे रस्ते खडी आणि मुरूम दाबून केलेले असत. बंडीच्या चाकाची लोखंडी धाव खडी भरडत असे आणि तो भुगा दगडांच्या फटींत बसून रस्ता एका परीने घट्ट होई. मोटारीचे रबरी चाक वेगाने गेले की फटींतील हाच बारीक मुरूम उपसून निघे, खडी मोकळी होई आणि मागे धुळीचा लोट उठे. या धुळीमुळेच पुढे जगभर शहरांतील रस्त्यांवर डांबर आले. छायाचित्रात चाकोऱ्या आणि सुटी खडी दिसते का, हे कळवावे.

प्रश्नकर्ता (महाल, नागपूर)

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. पायरीवर डबा नाही. रस्त्यावर दोन खोल चाकोऱ्या स्पष्ट दिसतात. बंडीचे बैल रेखीव आले आहेत, परंतु त्यांच्या शेजारील टांग्याचा घोडा पुसल्यासारखा आहे. इतक्या गर्दीतून चालक मोटार कशी नेत असावा, याचेही कुतूहल वाटते.

प्रतिसाद (धरमपेठ)

घोडा पुसट येण्याचे कारण असे की, तिवईवर कॅमेरा ठेवून काचेवर छायाचित्र घेताना प्रकाश पुरेसा मिळावा म्हणून झडप बराच वेळ उघडी ठेवीत. तेवढ्यात जो हलला तो पुसट झाला. बैल स्वस्थ उभे राहिले आणि घोडा मात्र बिथरला असावा, कारण इंजिनाच्या आवाजाला घोडी बुजत आणि टांगेवाल्याला खाली उतरून लगाम हाती धरावा लागे.

चालकाचे काम आजच्याहून फार वेगळे होते. पायाशी तीन पट्ट्या असत: डावी पूर्ण दाबली की गाडी संथ गतीत चाले, सोडली की वेगाच्या गतीत जाई आणि अर्धवट दाबून धरली की इंजिन चाकांपासून सुटे होई. मधली पट्टी गाडी मागे घेण्याची आणि उजवी ब्रेकची. इंधन कमीजास्त करण्याचा दांडा सुकाणूखाली उजव्या हाताशी होता, तर इंजिनात इंधन पेटवणाऱ्या ठिणगीची वेळ मागेपुढे करणारा दांडा डाव्या हाताशी. गाडी सुरू करताना ठिणगी मागे घ्यायची राहून गेली, तर इंजिन हाताने फिरवून सुरू करण्याचा पुढचा हँडल उलटा फिरून मनगट मोडत असे. पेट्रोल भरायचे झाल्यास पुढे बसलेल्यांना खाली उतरावे लागे, कारण टाकी त्यांच्याच बैठकीखाली होती. बर्डीच्या गर्दीत टांगे, बंड्या आणि पायी चालणाऱ्यांमधून वाट काढणाऱ्या त्या चालकाविषयी मला मनापासून आदर वाटतो. शक्य झाल्यास त्याचेही नाव शोधून पुस्तिकेत द्यावे.

प्रतिसाद (इतवारी)

खोल चाकोऱ्या म्हणजे डांबर पडण्यापूर्वीचा रस्ता, एवढे निश्चित धरता येईल. काँग्रेसच्या त्या अधिवेशनाला चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी आले होते, तेव्हा शहरातील मोटारी पाहुण्यांसाठी वापरल्या गेल्या असतील हे संभवनीय आहे आणि घरची आठवण या पुराव्याशी विसंगत नाही. परंतु तेवढ्याने ती सिद्ध झाली असेही होत नाही. छायाचित्राखाली '1916 च्या अखेरीनंतर. कौटुंबिक आठवणीनुसार डिसेंबर 1920' असे छापावे. मागचे पेन्सिलीचे साल खोडू नये, त्या बाजूचीही प्रत काढून ठेवावी, आणि मूळ छायाचित्र मोठ्या आकारात स्कॅन करून मोटारीची नंबर पाटी वाचता येते का, ते पाहावे.