रविवारची पन्हाळा सहल आणि आप्पांची खुर्ची

देसाई वहिनी, बी-२०३: लिफ्टजवळ लावलेला सहलीचा कागद वाचला. 'सर्वांनी चालत तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी, शेवटी राजदिंडी.' सर्वांनी म्हणजे कोणी? आप्पांची व्हीलचेअर दोन वर्षं सगळ्यांना रोज दिसते. एका शब्दानं कुणी विचारलं नाही.

सचिव: वहिनी, गैरसमज नसावा. ज्योतिबाला आप्पा स्वतःच नको म्हणाले होते, म्हणून यंदाही धरलं नव्हतं.

देसाई वहिनी: तिथं पायऱ्या आहेत म्हणून नको म्हणाले. पन्हाळ्याला गाडी थेट वर जाते, गडावर अख्खं गाव वसलंय. आणि माणूस तोफखान्यात २२ वर्षं काढून आलाय. ट्रेनिंग नाशिक रोडला. त्यालाच गड दाखवायचा नाही?

खजिनदार: वर्गणी ४०० रु. प्रत्येकी, गुरुवारपर्यंत. ११ जण बाकी.

कुलकर्णी काका, ए-३०१: राजदिंडी मात्र चुकवू नका. जुलै १६६० मध्ये महाराज तिथूनच विशाळगडाकडं निघाले. पोरांना दाखवायलाच पाहिजे.

शिंदे, सी-२०४: तेव्हा पन्हाळ्याला वेढा घातलेल्या सिद्दी जौहरला, म्हणजे आदिलशाही सरदाराला, राजापूरच्या इंग्रजांनी तोफा पुरवल्या, स्वतः येऊन गडावर मारा केला. १६६१ ला महाराजांनी त्यांची राजापूरची वखार लुटली. हिशेब चुकता!

चव्हाण, डी-१०१: चार महिने वेढा घालूनही सिद्दीच्या हाती महाराज लागले नाहीत. आपली बस तरी वेळेत पोचूदे म्हणजे झालं 😄

देसाई वहिनी: विषय भरकटवू नका. मी आप्पांचं विचारतेय.

पाटील मामा, ए-१०२: राग मानू नका, पण एकासाठी ४० जणांचा कार्यक्रम बदलायचा का? पार्किंगच्या वेळीही हेच झालं.

देसाई वहिनी: मामा, पार्किंगचा उतार आम्ही स्वतःच्या पैशानं केला. आज त्यावरून तुमच्या नातवाची बाबागाडी जाते. मी कधी बोलले का?

पाटील मामा: बरं बरं. लेकराला मध्ये आणू नका.

कुलकर्णी काका: राजदिंडीला उशिरा गेलं तर धुकं उतरतं. आधी राजदिंडी, मग बाकी.

डॉ. जाधव, डी-३०३: मी फिजिओथेरपी करते, म्हणून सांगते. मिनीबसच्या पायऱ्या आप्पांना जमणार नाहीत. माझी गाडी आहे, पुढची सीट त्यांना. खुर्ची घडी करून डिकीत. खुर्ची चढवायला फळी नेणार असाल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते, त्यामुळं आखूड फळीचा उपयोग नाही. उतारावर खुर्ची उलटी धरून मागं मागं उतरवायची, पुढं ढकलायची नाही. अंधारबाव आणि सज्जाकोठीत आत पायऱ्या आहेत. ते बाहेरूनच बघायचं. तीन दरवाज्यापाशी दगडी फरसबंदी आहे, चाक अडकतं, दोघं जण लागतील.

चव्हाण: एक मी. आणि मगाची थट्टा मनावर घेऊ नका वहिनी.

शिंदे: दुसरा मी. २०२५ च्या जुलैत पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला. आता तिथं खुर्चीवरची माणसं येणारच.

देसाई वहिनी: मनापासून आभार. स्वच्छतागृहाचं कुणी बघेल का? दाराची रुंदी आणि उंबरठा, दोन्ही. आप्पा त्या भीतीनं सकाळपासून पाणी पीत नाहीत. बाहेर जायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो तो यासाठी. गड चढायची काळजी नाही हो.

सचिव: शनिवारी मी स्वतः वर जातो, टेप घेऊन. फोटो टाकतो. कागदही बदलतो. हे आधी करायला हवं होतं.

कुलकर्णी काका: कागदात राजदिंडी पहिली लिहा.

डॉ. जाधव: परत येताना कोल्हापुरात टाऊन हॉल म्युझियमला थांबूया. जुन्या तोफा आवारातच आहेत.

देसाई वहिनी: आप्पा बोलतायत, मी टाइप करते. "तीन दरवाज्यापाशी मला अर्धा तास द्या. तुम्ही राजदिंडीला जाऊन या, माझ्यासाठी थांबू नका. टाऊन हॉलला मात्र पोरं माझ्याकडं सोडा. आधी दारू, मग बोळा, मग गोळा, आणि तोफेच्या कानाला, म्हणजे मागच्या छिद्राला, बत्ती. भरलेल्या तोफेच्या तोंडासमोर कधी उभं राहायचं नाही, हेही त्यांना शिकवतो."

पाटील मामा: माझा नातू पहिला.

खजिनदार: वर्गणी ४०० रु. आप्पांची आत्ताच जमा झाली. ११ जण अजून बाकी.