अनुभव धागा: मंडळीत (चर्चमध्ये) दान द्यायला तुम्ही कोणाकडून शिकलात?

रविवारी आमच्या पाळकांनी बायबलमधला २ करिंथ ८ घेतला, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः हलाखीत, तरी यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी आम्हालाही देऊ द्या म्हणून पौलाच्या मागे लागल्या. पाचव्या ओवीत तर लिहिलंय की त्यांनी आधी स्वतःलाच प्रभूला दिलं. ऐकताना आई आठवली. पगाराच्या संध्याकाळी ती आधी दशमांशाचं, म्हणजे मिळकतीच्या दहाव्या भागाचं, पाकीट भरायची, बाकी हिशेब नंतर. कोपऱ्यात पेन्सिलने महिना लिहायची, नाव कधीच नाही. मग पाकिटावर हात ठेवून डोळे मिटायची. आम्हाला 'द्या' असं एकदाही म्हणाली नाही, आम्ही नुसतं बघत होतो. उदारपणा असाच वाढतो असं मला मनापासून वाटतं, आवाहनं करून नाही. तुमचं सांगा.

मोहरीदाणा: गलबलून आलं ताई. आमच्याकडे पप्पा. दानाची थैली यायच्या आधी माझ्या हातात नोट द्यायचे. एक दिवस म्हणाले, आज तुझ्या साठवलेल्यातून टाक. सुटेना हातातून! देणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. बाळ उठलं, नंतर येते.

जुना खजिनदार: हिशेब उघडा ठेवा, लोक हात आखडत नाहीत. आम्ही दरमहा जमाखर्च फलकावर लावायला लागलो, विजेच्या बिलापासून आजाऱ्यांच्या मदतीपर्यंत सगळा, आणि थैली जड व्हायला लागली. मोजायला दोघं तरी हवेतच. पौलानेही आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ पाठवला होता, एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये म्हणून. त्याच अध्यायात आहे, १९ ते २१ वाचा.

अल्टो: दोघं म्हणजे सुट्ट्या नाण्यांवर वाद घालायला दोघं 😄 काका, क्वायरमध्ये परत या ना, टेनरला (पुरुषांच्या वरच्या आवाजाला) माणूस नाही.

जुना खजिनदार: गुडघे उभं राहू देत नाहीत गं.

मागचा बाक: पूर्वीच्या मंडळीत देणाऱ्यांची नावं रकमेसकट वाचायचे. ह्यांची नोकरी गेली तेव्हा आम्ही आशीर्वादाच्या आधीच उठून निघायचो. शेवटी जाणंच सोडलं. इथल्या पाळकबाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या, सध्या तुम्ही द्यायचं नाही, घ्यायचं. मुलीची फी भरली गेली. कोणी भरली ते आजही माहीत नाही. डाव्या हाताला कळू न देणारी माणसं खरंच असतात हो. त्यानंतर मी जे देते ते आनंदाने देते, कोणाला मागावं लागत नाही.

मोहरीदाणा: अगं, किती सोसलंत 🙏 (झोपलं एकदाचं.) एक विचारू? दशमांश हातात येणाऱ्या पगारावर की कपातीच्या आधीच्या?

जुना खजिनदार: हा प्रश्न दरवर्षी येतो. पौलाने करिंथकरांना टक्का सांगितला नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने मिळकतीप्रमाणे बाजूला काढावं, एवढंच (१ करिंथ १६:२). शुभवर्तमानात श्रीमंत जकातदार जक्कयाने अर्धं दिलं, गरीब विधवेने दोन टोल्या (अगदी लहान नाणी), म्हणजे होतं नव्हतं ते सगळं. दहावा भाग ही सुरुवात समजा आणि प्रार्थना करून ठरवा.

निळी_शाई: मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका तरुणाचं सांगायचे. उत्पन्न ३० पौंड, २८ मध्ये भागवून २ द्यायचा. पुढच्या वर्षी ६० मिळाले, तरी २८ मध्येच राहिला, ३२ दिले. चौथ्या वर्षी १२०, खर्च तोच. आम्ही नवराबायकोने तेवढं नाही, पण पगार वाढला की घरखर्चाआधी दान वाढवायचं ठरवलंय. हाव कमी झाली, प्रार्थनेत मन जास्त लागतं. हे मात्र अनुभवाचं बोलतेय.

रविवारची शाळा: मुलांकडे पैसे नसतात म्हणून त्यांना वगळू नका. आमची मुलं अंथरुणाला खिळलेल्या आजींकडे गाणी म्हणायला जातात. एकाने स्वतःची रंगपेटी आजींच्या नातवाला दिली, घरी न विचारता 😀 आई आधी रागावली, मग तीच दुसरी घेऊन आली, वर्गासाठी.

अल्टो: काका, टेनरने बसून गायलं तरी चालतं. सरावाला खुर्ची ठेवते.

जुना खजिनदार: बरं, येतो. गाण्यांची वही कोणाकडे आहे?